कुठली पिशवी?

“पिशवीत गाठ आहे म्हणतात.”

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एखाद्या घरातनं हे वाक्य कानावर आलं की पहिल्यांदा विचारावं, कुठली पिशवी? आपल्या बोलण्यात बाईमाणसाची ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. ‘तिची पिशवी काढली’ म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारत नाही. पण लघवी साठते तीही पिशवीच. दोन्ही ओटीपोटात एकमेकींना लागून, पुढं मूत्राशय आणि मागं गर्भाशय. दवाखान्यात नोंद करणारी नर्स कानडी बोलणारी असेल, तर तिच्या भाषेत एक गर्भकोश आणि दुसरा मूत्रकोश, म्हणजे तिथंही अर्धा शब्द सारखाच. गाठीला ती ‘गड्डे’ म्हणते, आणि आजीच्या डोळ्यांपुढं रताळ्या-बटाट्याचा गड्डा येतो. अशा वेळी ‘पिशवीत गाठ, आधी ऑपरेशन झालेलं’ एवढंच कागदावर उतरतं आणि तो कागद पुढं चार टेबलांवरून फिरतो.

मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं सत्तरीच्या आसपासची. दहा, पंधरा, वीस वर्षांपूर्वी त्यांना कॅन्सर झाला. मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोवा, नाहीतर थेट मुंबईला टाटात जाऊन उपचार झाले. माणूस बरा झाला, नातवंडांच्या लग्नात मिरवला. आणि आता लघवीतून रक्त जातंय, मूत्राशयात काहीतरी दिसतंय. मूत्राशयाच्या दर दहा कॅन्सरमधले साधारण नऊ एकाच जातीचे असतात. आतल्या अस्तरातून उगवतात, त्यांना यूरोथेलियल म्हणतात. इथं प्रश्न आहे तो उरलेल्या दहाव्याचा. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसात तो दहावा ओळखणं अवघड होतं, कारण तीन शक्यता एकदम उभ्या राहतात. गाठ अगदी नवी आहे, की जुनाच आजार इतक्या वर्षांनी इथं डोकं काढतोय, की त्या वेळच्या उपचारांनीच मागं काही ठेवलंय? तिन्हींचे उपचार तीन वेगळ्या वाटांनी जातात.

याचं अर्धं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं. उरलेलं अर्धं एका तिसऱ्याच पिशवीत असतं, असं माझं ठाम मत आहे. कुठल्यातरी लग्नाच्या बस्त्याला मिळालेली कापड दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, जुने कागद कोंबून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली.

समजा, अशी एक आजी आहे. ती म्हणते, “तांबडं जाऊलालंय.” कुठून जातंय हे ठरवणंच पहिलं काम, आणि म्हातारपणी ते वाटतं तेवढं सोपं नाही. नजर अधू, संडासात उजेड कमी, तांब्याभर पाणी ओतलं की सगळं वाहून जातं. रक्त लघवीच्या वाटेनं आलं, योनिमार्गातून आलं की शौचाच्या जागेतून, हे तिला खरंच सांगता येत नसतं. म्हणून स्वच्छ, पारदर्शक, रुंद तोंडाच्या डबीत मधल्या धारेची लघवी घ्यावी आणि उजेडात धरून बघावी. तरी शंका राहिली तर बारीक नळी घालून थेट मूत्राशयातली लघवी काढतात. तीही लाल असेल तर वाद मिटला. ती स्वच्छ असेल तर आतून तपासणी करून योनिमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड नीट बघायचं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईत ही तपासणी टाळून पुढं जाणं म्हणजे पुढचं सगळं वाळूवर बांधणं. तांबडं दिसलेलं प्रत्येक वेळी रक्त असतंच असंही नाही. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होते, टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीनं नारिंगी होते. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात तीन किंवा जास्त तांबड्या पेशी दिसल्या की ते रक्त धरायचं.

आपल्याकडं लघवीची तक्रार म्हटली की ‘उन्हाळी लागली’. सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, मग दुकानातून आणलेला अँटिबायोटिकचा कोर्स. जळजळ, वारंवार लागणं, ताप असं असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता खरीच. पण घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, “दुखत नाही ना, मग काही नाही.” हे पार उलटं आहे. न दुखता जाणारं रक्त हीच मूत्राशयाच्या कॅन्सरची सगळ्यात नेहमीची खूण. ते दोन दिवस जातं, आपोआप थांबतं, महिना-दोन महिने काही नाही, पुन्हा येतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं धरलं की सहा महिने सहज निघून जातात, आणि बायकांच्या बाबतीत हा उशीर जास्त होतो. म्हणून पहिल्या कोर्सच्या आधी लघवीचं कल्चर करावं. त्यात जंतू सापडले नाहीत आणि रक्त चालूच असेल तर दुसरा कोर्स देऊन उपयोग नाही. जंतू सापडले, औषध दिलं, तरीही कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासावी. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यानं जात असेल’ हेही कारण पुरेसं नाही. गोळी रक्त वाहतं ठेवते, पण भोक कुठं पडलंय ते बघायलाच हवं. निपाणी भागात विडी ओढणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांनी तर हे मनावर घ्यावंच. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे. तंबाखूतली विषं मूत्रपिंडांतून गाळून मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात.

आता पूर्वीच्या आजाराकडं. “आधी काही मोठं दुखणं झालं होतं का?” असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, “नाही.” आणि आजी खोटं बोलत नसते. घरच्यांनी तिला रोगाचं नावच सांगितलेलं नसतं. ‘गाठ होती, काढली’, ‘पिशवीला जखम होती’ एवढंच तिला ठाऊक. मायेपोटी लपवलेलं ते नाव वीस वर्षांनी तिच्याच आड येतं. म्हणून नाव न विचारता खुणा विचाराव्यात. लाईट घेतली होती का? (किरणोपचारांना आपल्याकडं कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट, कुणी शेक.) शनिवार-रविवार सोडून रोज, पाच आठवडे जात होता का? शेवटी आतून नळी घालून लाईट दिली का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर बहुधा गर्भाशयाच्या तोंडाचाच आजार होता असं समजावं. केस गेले होते का? लाल रंगाचं सलाईन होतं का, त्या दिवशी लघवीही लाल व्हायची का? ते लाल औषध डॉक्सोरुबिसिन. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जोडीला बऱ्याचदा सायक्लोफॉस्फामाइड असतं. त्यानंतर पाच वर्षं रोज एक बारीक गोळी घेतली का? म्हणजे हार्मोनवर चालणारा स्तनाचा कॅन्सर.

अंगावरही खुणा असतात. किरणोपचाराच्या वेळी यंत्र रोज त्याच जागी बसावं म्हणून कातडीवर निळसर-काळे बारीक ठिपके गोंदतात. आपल्या आज्यांच्या हातांवर, कपाळावर गोंदण असतंच, पण ओटीपोटावर किंवा कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेकटा ठिपका असेल तर ते हौसेचं गोंदण नव्हे. तिथली कातडी काळवंडलेली, कडक झालेली लागते. छातीवरचा व्रण बघायचा तर पडदा ओढून, सुनेला किंवा मुलीला जवळ उभं करून, आधी विचारून बघावा. मूत्राशयाच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईची छाती कशाला तपासायची असा संकोच डॉक्टरलाही होतो, पण पुढचा सगळा उलगडा कधीकधी त्या व्रणापासून सुरू होतो.

या माहितीतून वर्षांचा हिशोब लागतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. मूत्राशय त्याच्या पुढ्यातच असल्यानं तो थेट भिंत पोखरत आत शिरतो. किरणांमुळं होणारा दुसरा कॅन्सर मात्र सावकाश येतो, पाच वर्षांच्या पुढं आणि पुष्कळदा दहा-वीस वर्षांनी. सायक्लोफॉस्फामाइड शरीरात मोडताना ॲक्रोलीन नावाचं दाहक रसायन तयार होतं आणि ते लघवीतून मूत्राशयाच्या अस्तराला लागत राहतं. औषध जितकं जास्त दिवस आणि जास्त मात्रेत, तितका धोका जास्त. हार्मोनवर चालणारा स्तनाचा कॅन्सर तर सगळ्यांत चिवट. तो दहा, पंधरा वर्षं गप्प बसून नको त्या जागी उगवू शकतो.

सोनोग्राफी मूत्राशय पुरतं भरल्यावर करावी. अर्धवट भरलेल्या पिशवीच्या घड्याच गाठीसारख्या दिसतात. आत काही दिसलं तर आजीला कुशीवर वळवायचं. रक्ताची गुठळी असेल तर ती खाली घरंगळते, गाठ जागची हलत नाही, आणि डॉप्लर लावला तर गाठीत रक्तप्रवाह दिसतो. मूत्रपिंडं फुगलीत का हेही त्याच वेळी बघावं. लघवीतल्या पेशींची तपासणी म्हणजे सायटॉलॉजी, तिला सकाळची पहिली लघवी देऊ नये. रात्रभर साठून पेशी कुजलेल्या असतात. दुसऱ्या वेळची ताजी लघवी द्यावी, तीही तीन वेगवेगळ्या दिवशी. किरणोपचार झालेल्या माणसाची लघवी देताना चिठ्ठीवर ते लिहायलाच हवं. किरणांनी पेशी आणि त्यांची केंद्रकं दोन्ही फुगतात आणि कॅन्सरसारख्या भासतात. फरक एवढाच, की केंद्रकाबरोबर पेशीही मोठी होते, त्यामुळं दोन्हींचं प्रमाण बिघडत नाही.

सीटी करायचं तर आधी क्रिएटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारी रक्ताची तपासणी. मूत्रपिंडं, नळ्या आणि मूत्राशय यांत रंग उतरलेला बघायला इंजेक्शननंतर आठ-दहा मिनिटं थांबून पुन्हा फोटो घ्यावे लागतात. ‘सीटी केलं’ एवढ्यावर समाधान न मानता हे उशिराचे फोटो घेतलेत का ते विचारावं.

पेट स्कॅनविषयी थोडं जास्त लिहिणं भाग आहे, कारण कर्ज काढून तो करून घेतलेली घरं या भागात कमी नाहीत आणि त्यावर विसंबून चुका होतात. पेटमध्ये किरणोत्सर्गी साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त खातात आणि चमकतात. पण उरलेली साखर लघवीतून बाहेर पडते, म्हणजे मूत्राशय आधीच दिव्यासारखं लखलखत असतं. त्याच्या भिंतीतली गाठ त्या उजेडात बुडून जाते. लघवी जास्त व्हायचं औषध देऊन, मूत्राशय रिकामं करून, उशिरा दुसरा फोटो घेतला तर थोडं कळतं. शिवाय स्तनाच्या कॅन्सरची लोब्युलर नावाची जात साखर कमीच खाते. त्यामुळं ‘पेट स्वच्छ आहे, मूत्राशयात काही नाही’ हे वाक्य अशा आजीच्या बाबतीत धरून चालू नये.

मग दुर्बीण. नेहमीची यूरोथेलियल गाठ देठावर उभी असते, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे तुरे, आणि आत सोडलेल्या पाण्यात ते तुरे हलतात. तसं काही न दिसता अस्तर गुळगुळीत, शाबूत आणि खालून काहीतरी वर ढकलल्यासारखं दिसलं तर आजार अस्तरात उगवलेला नाही, खालून किंवा बाहेरून आलाय, अशी शंका घ्यावी. फुगवटा मागच्या भिंतीवर, गर्भाशयाच्या तोंडासमोर असेल तर तिकडून शिरलेला. अगदी माथ्यावर असेल तर बेंबीकडं जाणाऱ्या जन्माच्या वेळच्या नळीचा अवशेष किंवा आतडं आठवावं. काही वेळा गाठ अशी नसतेच. भिंत जाड, ताठ, मूत्राशय नीट फुगत नाही, एखादा लालसर डाग, बस्स. असं मूत्राशय बघून ‘सूज आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. मला सगळ्यात जास्त काळजी याच चित्राची वाटते.

किरणोपचार झालेलं मूत्राशय वेगळंच दिसतं. अस्तर पांढुरकं, फिकट, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या. हात लावताच रक्त येतं. इथं तुकडा घ्यायचा तर हात जपून चालवावा लागतो. मागच्या भिंतीवर खोल कापलं तर भाजलेली ऊती भरून येत नाही, मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात भोक पडू शकतं, आणि मग लघवी रात्रंदिवस गळत राहते.

दुर्बिणीपूर्वी तीन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. लघवी करताना डोकं ठणकतं का, छाती धडधडते का, दरदरून घाम फुटतो का? ‘हो’ आलं तर ती गाठ पॅरागँगलिओमा असू शकते, रक्तदाब वाढवणारी द्रव्यं सोडणारी. पूर्वतयारी न करता तिला कात्री लावली तर टेबलावरच रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढतो.

गाठ खरवडून काढताना वरचा भाग एका बाटलीत आणि बूड दुसऱ्या बाटलीत पाठवायला हवं. बुडात स्नायूचा थर आला नसेल तर आजार किती खोल गेलाय ते सांगता येत नाही आणि काही आठवड्यांनी पुन्हा टेबलावर जावं लागतं. विजेच्या तारेनं कापलेले तुकडे कडेनं भाजतात. भाजलेल्या कडेतल्या पेशी ताणून लांब होतात, त्यांच्यावरून काहीच ओळखता येत नाही. म्हणून शेवटचे एक-दोन तुकडे वीज न लावता, नुसत्या चिमट्यानं घेतले तर तपासणाऱ्यावर उपकार होतात.

त्यानंतर सगळं एका बाटलीवर येऊन ठेपतं. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच जायला हवा. १० टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट, रुंद तोंडाच्या बाटलीत. ऑपरेशन थिएटरमध्ये हाताशी असते सलाईनची बाटली, आणि घाईत तुकडा तिच्यातच पडतो. सलाईनमध्ये तो जपला जात नाही, कुजायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पोचेपर्यंत पेशींची नुसती सावली उरते. फॉर्मॅलिन ऊतीत शिरतं ते तासाला साधारण एक मिलिमीटर. पुढं हार्मोन रिसेप्टर, म्हणजे पेशींतली हार्मोन धरणारी प्रथिनं, बघायची असतील तर ६ तासांहून कमी नको आणि ७२ तासांहून जास्त नको. गुरुवारी काढलेला तुकडा मध्ये सणाची जोडून सुट्टी आली म्हणून सोमवारपर्यंत तसाच बुडवून ठेवला की ही मर्यादा ओलांडली. नाव झाकणावर न लिहिता बाटलीच्या अंगावर लिहावं, कारण झाकणांची अदलाबदल होते. लॅबमध्ये तुकडा ज्या छोट्या जाळीदार डबीत ठेवतात, तिच्यावरचा नंबर पेन्सिलीनं लिहितात. पेनची शाई पुढच्या अल्कोहोल-झायलीनच्या पाण्यात धुऊन जाते, पेन्सिल टिकते.

आणि चिठ्ठी. ‘मूत्राशयाचा तुकडा, कॅन्सर आहे का?’ एवढं लिहून पाठवलेली चिठ्ठी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. वय, रक्त कधीपासून, दुर्बिणीत गाठ कुठं आणि कशी दिसली, पूर्वीचा कॅन्सर कुठला, कुठल्या साली, किरणं घेतली का, केमोत काय होतं, मूत्राशयात कधी औषध सोडलं होतं का. लिहायला दोन मिनिटं लागतात. या दोन मिनिटांअभावी काय होतं ते पुढं येईलच.

लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, गुलाबी-निळा रंग देतात. आजीच्या गर्भाशयाच्या तोंडाला किरणं दिलेली असतील तर तपासणाऱ्यापुढं काय काय येऊ शकतं? अस्तराखाली पेशींची बेटं उतरलेली, आसपास रक्त, गुठळ्यांनी बुजलेल्या रक्तवाहिन्या, रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचे गोळे, अक्राळविक्राळ केंद्रकांच्या पेशी. पहिल्या नजरेला हा खोल शिरलेला कॅन्सर वाटतो, पण किरणांनी भाजलेलं अस्तर जखम भरून काढताना असाच देखावा उभा करतं. तो कॅन्सर नव्हे. स्नायूत तो शिरत नाही, आणि किरणांची गोष्ट माहीत असेल तरच सावध माणूस थांबतो. दुसऱ्या वेळी खरोखरच खपल्या-खपल्यांच्या पेशींचा स्क्वॅमस कॅन्सर असतो. तो गर्भाशयाच्या तोंडाचाच परत आलेला, की मूत्राशयाचा नवा? पी-१६ हे प्रथिन दाखवणारा रंग करतात. गर्भाशयाच्या तोंडाचा बहुतेक आजार एचपीव्ही विषाणूनं होतो आणि तिथं पी-१६ सलग गडद उठतं. पण मूत्राशयाच्या काही स्क्वॅमस गाठीही विषाणूशिवायच पी-१६ दाखवतात. म्हणून त्या एका रंगावर निकाल देऊ नये, ऊतीत खुद्द एचपीव्ही आहे का ते शोधावं. कधीकधी तकलीच्या आकाराच्या पेशींचा सार्कोमासारखा आजारही निघतो. किरणं दिलेल्या जागेत तो मनात ठेवावा लागतो.

आणि आता ती ताठ भिंतीची, गाठ नसलेली आजी. तिच्या तुकड्यात काय दिसतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. अस्तर जवळपास ठीक. त्याखालच्या थरात मात्र बारीक, एकसारख्या, सुट्या पेशी. झुंबड नाही, बेटं नाहीत. पंढरीच्या वाटेवर दिंडी अरुंद पायवाटेला लागावी तशा एकामागून एक. काहींचं केंद्रक एका कडेला सरकलेलं. एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यांनी गमावलेलं असतं, म्हणून त्या सुट्या सुट्या हिंडतात. मूत्राशयाच्या कॅन्सरची प्लाझ्मासायटॉइड ही दुर्मिळ, आक्रमक जात हुबेहूब अशी दिसते. स्तनाचा लोब्युलर कॅन्सर मूत्राशयात पसरतो तेव्हा तोही हुबेहूब असाच दिसतो. जठराच्या कॅन्सरचा एक प्रकारही याच रूपात येतो.

मग पेशींवर अँटिबॉडीचे रंग करतात. जिथं ते प्रथिन असेल तिथं तपकिरी उठतं. गाटा-३ लावलं, गडद तपकिरी. पुस्तकात लिहिलेलं असतं, गाटा-३ म्हणजे यूरोथेलियल. ई-कॅडहेरिन गेलेलं, तेही प्लाझ्मासायटॉइडशी जुळतं. सीडी-१३८ लावलं, तेही उठलं. रिपोर्ट लिहून तयार: मूत्राशयाचा प्लाझ्मासायटॉइड कॅन्सर. प्रत्येक पाऊल बरोबर आणि निष्कर्ष चुकलेला, कारण गाटा-३ स्तनाच्या कॅन्सरमध्येही, आणि लोब्युलरमध्ये तर हमखास उठतं. सीडी-१३८देखील अनेक कॅन्सरमध्ये उठतं. ई-कॅडहेरिन दोघांतही गेलेलं. आजीच्या छातीवर पंधरा वर्षांपूर्वीचा व्रण आहे, हे चिठ्ठीवर कुणी लिहिलेलंच नव्हतं.

ते लिहिलेलं असतं तर तपासणाऱ्यानं इस्ट्रोजेन रिसेप्टर लावलं असतं. तो सगळीकडं ठळक उठला तर कौल स्तनाकडं जातो. मात्र यूरोथेलियलमध्येही तो कधी पुसटसा दिसतो, म्हणून एकट्यावर भागत नाही. सीके-२० लोब्युलरमध्ये बहुधा उठत नाही, प्लाझ्मासायटॉइडमध्ये पुष्कळदा उठतं. यूरोप्लाकिन-२ उठलं तर मूत्राशयाच्या बाजूनं, मॅमाग्लोबिन किंवा जीसीडीएफपी-१५ उठलं तर स्तनाच्या. एकही रंग शपथेवर साक्ष देणारा नाही, चार-पाच जणांची साक्ष जुळवावी लागते. तुकडा इवलासा असतो आणि प्रत्येक रंगाला एक काप खर्ची पडतो. वीस रंग एकदम मागवून ऊती संपवण्यापेक्षा आधी चार-पाच नेमके लावावेत आणि बाकी मेण जपावं. आतड्याचा कॅन्सर होऊन गेलेल्या आजोबांतही हीच गत. आतड्याचा कॅन्सर आणि मूत्राशयाचा ग्रंथींसारखा दिसणारा कॅन्सर, सीके-२० आणि सीडीएक्स-२ दोन्हींत उठतात, शेवटी आतड्याची दुर्बीणच करावी लागते. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र एनकेएक्स-३.१ आणि पीएसए बरंच सरळ उत्तर देतात.

सगळ्यात भक्कम पुरावा असतो जुना ब्लॉक. त्या वेळच्या गाठीचा, मेणात बसवलेला, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. जुन्या आणि नव्या तुकड्यांचे काप शेजारी शेजारी ठेवून बघितले की पुष्कळदा वाद उरत नाही. हा ब्लॉक मिळवण्यासाठी कापड दुकानाची ती पिशवी लागते. जुन्या बायोप्सीच्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात नंबर असतो, आकडा, तिरकी रेघ आणि साल. तो नंबर, रुग्णाचं ओळखपत्र, अर्ज आणि आत्ताच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जिथं ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जायचं. रेकॉर्ड रूममध्ये फाईल मिळते, ब्लॉक मिळत नाही, तो पॅथॉलॉजीतच असतो. नुसत्या काचा मिळत असतील तर ब्लॉकच मागावा. रंगवलेल्या काचेवर पुढचे रंग सहसा करता येत नाहीत. ब्लॉक द्यायला नकार असेल तर चिकट थर दिलेल्या काचांवर कोरे काप कापून मागावेत, साध्या काचेवरचे काप रंग करताना सुटून वाहून जातात. मिरजेहून येताना एप्रिलच्या उन्हात ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नये. मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळतं आणि बंद गाडीत पुढची फळी तेवढी सहज तापते. हातातल्या डब्यात, सावलीत, बस.

या भागात राज्याची हद्द मध्ये येते, भाषाही. उपचार एका राज्यात, आता राहणं दुसऱ्या राज्यात, संमतीपत्र कानडी-इंग्रजीत. नातू ते वाचून ‘काही नाही, सही कर’ म्हणतो. तिथं आजीला मराठीत, पूर्ण वाक्यांत सांगायला हवं की कुठली पिशवी, काय करणार आणि का. तेवढ्या संभाषणातच ती पुष्कळदा म्हणते, “हां, मागं छातीचं झालतं की माझं.”

प्लाझ्मासायटॉइड असेल तर केमो आणि मूत्राशय काढणं यांचा विचार होतो. मूत्राशय काढलं की आतड्याचा एक भाग वापरून पोटावर वाट काढतात आणि तिथं आयुष्यभर चिकटवायची आणखी एक पिशवी येते. स्तनाचा लोब्युलर आजार असेल तर मूत्राशय काढून काही साधत नाही. आजार सगळ्या शरीराचा असतो आणि त्यावर बहुधा हार्मोनविरोधी गोळ्यांनी सुरुवात होते, रोज एक, घरी राहून. किरणांची जुनी जखम असेल तर यातलं काहीच नको.

रिपोर्ट आल्यावर ब्लॉक परत घ्यायला विसरू नये, नवे आणि जुने दोन्ही. ते लॅबच्या छोट्या झिप पाकिटात येतात, नंबर पेन्सिलीनं लिहिलेले. ते पाकीट, रिपोर्टच्या दोन झेरॉक्स आणि वर एका कोऱ्या कागदावर मराठीत चार ओळी: कुठला आजार, कुठल्या साली, कुठं उपचार, काय काय दिलं. हे सगळं त्याच कापड दुकानाच्या पिशवीत घालून ती ट्रंकेच्या तळाशी न ठेवता वर ठेवावी.